मोजून दिलेली भाकरी

किसनमामा, माझ्या नावापुढे जी दोन अक्षरे लागली, ती तुमच्या पाठीवरून आली. जालन्याच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, तुम्ही ज्वारीची पोती वाहत होतात आणि मी तुमच्या खोलीत कंदिलाची काच पुसून अभ्यासाला बसत होतो. आईबापांचे उपकार सगळेच सांगतात. माझ्या बाबतीत ते तुमच्यापासून सुरू होतात.

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, बरेच लोक आले होते. हमाल आले, आडतीचे शेठजी आले, मंठ्याकडून आपले गाववाले आले. मी मास्तर आहे म्हणून मला बोलायला सांगितले. मी उभा राहिलो, "मामा फार मोठे होते" एवढेच म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटले, पोरगा गहिवरला. तसे नव्हते, मामा. समोर मामी बसल्या होत्या आणि त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या देखत मला तुमच्याविषयी काही चांगले बोलण्याचा अधिकार वाटेना. म्हणून आज लिहितो आहे. लिहिताना समोर कोणी नसते.

तुम्हाला आठवते का, आईने मला तुमच्याकडे आणून सोडले तो दिवस? मी दहा वर्षांचा होतो. जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "दादा, पोरगं लई खातंय. त्याच्या भाकरी तेवढ्या मोजू नका." तुम्ही हसलात. "मोजायला मी काय मापाडी हाय?" आपल्याकडे जेवणाऱ्याच्या भाकरी मोजत नाहीत. मोजलेले अंगी लागत नाही म्हणतात. आई तर कोणी जेवत असला की तोंड फिरवून बसायची, नजरेनेसुद्धा मोजले जाऊ नये म्हणून. तुम्ही स्वतः सहा भाकरी खायचात, वर गुळाचा खडा. दिवसभर शंभर-शंभर किलोची पोती पाठीवर घेणाऱ्या माणसाला त्या पुरतही नसत.

पुढे तुम्ही खरोखरच मापाडी झालात. माझ्या पाटीवरून तुम्ही आकडे शिकलात, मग अक्षरे. ते शेठजींच्या लक्षात आले आणि त्यांनी तुम्हाला पाठीवरच्या पोत्याखालून काढून काट्यापाशी स्टुलावर बसवले. आपल्या समाजाचा माणूस मोंढ्यात काट्यावर बसला, याचे आम्हाला केवढे अप्रूप! पहिले पोते काट्यावर चढले की तुम्ही "एक" म्हणत नसा. मापाडी एक म्हणत नाही, "लाभ" म्हणतो. मग दोन, तीन. तो तुमचा "लाभ" मला शाळेतून येताना रस्त्यावर ऐकू यायचा.

काम बदलले, पण भाकरी सहाच राहिल्या. त्यात चहाची भर पडली. माल घेऊन आलेला प्रत्येक शेतकरी मापाड्याला चहा पाजणारच. माप नीट व्हावे हा त्यामागचा हेतू. तुम्ही चहा नाकारत नव्हता आणि काट्याला बोटही लावत नव्हता. म्हणायचात, "च्या पिऊन घेतो, पर काटा जिथं हाय तिथंच ऱ्हाईल." असे दिवसाला दहा-बारा कप, गोडमिट्ट. बघता बघता तुमचे पोट सुटले, गाल भरले. आई गावात सांगत फिरली, "दादानं अंग धरलं." ते पोट आमच्या घराण्यातले पहिले पोट होते, मामा. त्याच्याकडे पाहून आम्हाला वाटायचे, आता आपले बरे चालले आहे.

मग दुष्काळ पडला. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, रेशनवर परदेशी तांबडी ज्वारी, मिलो, मिळत होती, माणसांच्या गळ्याची हाडे दिसू लागली होती. त्या दोन वर्षांत मी बी.ए. झालो आणि तुमच्या घरी एक वेळही उपाशी राहिलो नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे. वाळलेला माणूस दिसला की माझ्या मनात पहिला आणि शेवटचा शब्द एकच येतो, भूक. ही सबब नाही. पण माझी चूक तिथून निघाली.

मी परभणीला शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि त्याच वर्षी पोती शिवायचा दाभण तुमच्या पायाच्या अंगठ्यात घुसला. जखम दोन महिने भरेना. शेवटी मामींनी तुम्हाला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळे पाणी घेतले, त्यात तुमच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळे पाणी आधी हिरवे झाले, मग पिवळे, मग भट्टीतल्या विटेसारखे लाल. मामी हे मला इतक्या बारकाईने सांगायच्या की मी स्वतः पाहिल्यासारखे वाटते. डॉक्टर म्हणाले, "साखर आहे. वजन उतरवा, नाहीतर पाय जाईल." आणि काय खायचे नाही ते सांगू लागले. मामींनी त्यांना थांबवले. "काय खायाचं न्हाई ते कुणीबी सांगतंय, साहेब. काय खायाचं ते सांगा." डॉक्टरांनी मग नीट बसून सांगितले. ज्वारीच्या दोन लहान भाकरी, पालेभाजी भरपूर, मटकीची उसळ, काकडी, बिनलोण्याचे ताक. आणि रोज चालायचे.

डॉक्टरांनी पिठाचे वजनही सांगितले, पण मामींना ग्रॅम कळत नव्हते. तुम्ही कुंडलिका नदीच्या पात्रात जाऊन एक गोटा शोधून आणलात. दोन भाकरींच्या पिठाच्या बरोबर वजनाचा. आडतीतला नमुने तोलायचा जुना लहान तराजू शेठजींकडून मागून घेतलात. एका पारड्यात गोटा, एका पारड्यात पीठ. मामी त्या तराजूवर रोज दोन वेळा पीठ तोलायच्या आणि आठवड्यातून एकदा चुलीपाशी डॉक्टरांनी दिलेली निळ्या पाण्याची नळी धरून बसायच्या. शेजारच्या बायका चेष्टा करायच्या, "गिरजे, करणी करून राह्यली का काय दाल्ल्यावर?" मामी म्हणायच्या, "हौ, करणीच हाय. निळं ऱ्हाईलं तर उतरली म्हणायची."

चहाचे प्रकरण तर तुम्ही मला किती रंगवून सांगितले होते! तुम्ही चहा सोडलात आणि मोंढ्यात बोंब झाली. मापाडी चहा घेत नाही म्हणजे नक्की शेठकडून खाऊन बसला आहे! केदारखेड्याचा एक म्हातारा आपली गाडी परत जुंपायला निघाला. तुम्ही त्याच्या मागे धावलात, "बाबा, साखरेचा आजार हाय मला." तो म्हणाला, "मापाड्याला कसली साखर? मापाड्याला दगड पचतेत." शेवटी तुम्ही हॉटेलवाल्याकडून बिनसाखरेचा, बिनदुधाचा काढा मागवू लागलात आणि प्रत्येक शेतकऱ्यासमोर घोटभर पिऊन दाखवू लागलात. मोंढ्याला तेव्हा कुठे धीर आला.

अमावास्येला मोंढा बंद असतो. त्या दिवशी तुम्ही रिकाम्या गोदामात स्वतः काट्यावर उभे राहायचात आणि आकडा खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहायचात. पहिला किलो उतरला तेव्हा तुम्ही "एक" म्हणाला नाहीत, "लाभ" म्हणालात. हे मला शेठजींनी परवा सांगितले.

आता त्या दिवसाचे लिहायला पाहिजे.

पुढच्या वर्षी माघात सुमनच्या घरचे मला बघायला जालन्याला आले. तिचे वडील निवृत्त पोस्टमास्तर, शिकलेले घर. तुम्हाला मी बऱ्याच महिन्यांनी पाहत होतो. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल लोंबत होती. गालफडे बसली होती. तुम्ही मात्र खुशीत होतात, पाहुण्यांना आग्रह करत होतात आणि स्वतः समोर काकडीच्या फोडी घेऊन बसला होतात. मी पाहुण्यांना सोडायला स्टेशनवर गेलो, तेव्हा पोस्टमास्तरांनी मला थोडे बाजूला घेतले.

"तुमचे मामा फार खंगलेत. खोकला वगैरे?"

"नाही, साखर आहे."

"साखरेचा माणूस असा वाळतो का कधी? आमचे साहेब होते साखरेचे, खुर्चीत मावत नव्हते." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "राग मानू नका. मुलीचा बाप आहे मी. लग्नात आमची माणसं विचारतील, घरात क्षयाचं काही आहे का म्हणून. जरा अंगानं सुधारले तर बरं."

मी स्टेशनपासून घरापर्यंत चालत आलो आणि सगळा रस्ता मला लाज वाटत होती. तुमची लाज, मामा. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

घरी आलो तेव्हा मामी पीठ तोलत होत्या. गोटा पारड्यात होता. मी ओरडलोच.

"मामी, नवऱ्याला मोजून जेवायला घालता?"

"डाक्टरनं सांगितलंय, बाबा."

"डॉक्टरनं उपाशी मारायला सांगितलं का? दुष्काळात सुद्धा माझा मामा असा दिसत नव्हता. आपल्यात कुत्र्याची भाकर मोजत नाहीत, मामी!"

शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मामींनी तराजू खाली ठेवला आणि पदराने हात पुसले. बोललात ते तुम्ही. "उत्तम, गप. ती बराबर करून राह्यली. चल माह्यासंगं गोदामात. दार दावतो तुला." तुम्ही चपला घालून उभेही राहिलात. मी म्हणालो, "मला गाडी आहे." गाडीला अजून दीड तास होता.

आपले ते भांडण तिथेच राहिले. तुम्हाला मला ते दार दाखवायचे होते आणि मी आलो नाही.

परभणीला पोचल्यावर मी तुम्हाला पत्र लिहिले. ते पत्र पुढे देतो आहे; मामींनी ते मला परत दिले. त्यात एका जाणत्या, पोक्त गृहस्थांचा हवाला आहे. ते गृहस्थ म्हणजे माझे सासरे. त्यांना आजारातले माझ्याइतकेच कळत होते. तुम्हाला मात्र वाटले की पोराने कोणा मोठ्या माणसाला विचारून लिहिले आहे. तुम्ही ते पत्र अक्षर अक्षर लावून वाचलेत. मग खिशात ठेवलेत आणि मोंढ्यात चार जणांना दाखवलेत. त्या दिवशी पहिल्यांदा साखरेचा चहा घेतलात आणि म्हणालात, "परवाना आलाय परभणीहून." घरी मामींनी पीठ तोलायला घेतले तेव्हा पत्र त्यांच्यापुढे धरलेत. "गिरजे, शिकल्या-सवरल्या माणसानं लिहिलंय. ठिव तो तराजू."

मामींनी तराजू आढ्याला टांगला. मी नंतर विचारले, "तुम्ही का ऐकलंत?" त्या म्हणाल्या, "तुह्या कागदापुढं माझं काय चालतंय, बाबा? मला तर वाचताबी येत न्हाई."

वैशाखात लग्न झाले. तुमचे गाल परत भरले होते, नवा कोट पोटावर ताणून बसला होता. पोस्टमास्तर मला म्हणाले, "आता कसे शोभतात!" मी तुम्हाला माझ्या हाताने बुंदीचा लाडू भरवला आणि फोटोग्राफरने तो फोटो काढला. तुम्ही तोंड उघडले आहे आणि डोळे मिटले आहेत, देवासमोर मिटावेत तसे. आपण देव मानत नाही, पण तुमचा चेहरा तसाच दिसतो आहे. घरात तो फोटो मोठा करून लावला होता. मागच्या आठवड्यात मी तो उतरवला. सुमनने कारण विचारले नाही.

पावसाळ्यात पाय पुन्हा चिडला. या वेळी दाभणही लागला नव्हता, चप्पल चावली होती एवढेच. पोळ्यापर्यंत बोट काळे पडले, मग पाऊल, मग गुडघ्याखाली कापावे लागले. मी डॉक्टरांना विचारले, "लग्नात गोड झालं, त्यानं झालं असेल का?" त्यांनी मान हलवली. "एका दिवसानं असं होत नाही. त्याआधी आणि नंतर काय चाललं होतं?" मी उत्तर दिले नाही. मामी शेजारी उभ्या होत्या. त्यांनीही दिले नाही. त्यांनी मला तिथे वाचवले, मामा, आणि त्या वाचवण्याचेच ओझे सगळ्यांत जड आहे.

तुम्ही मात्र कॉटवर पडल्या पडल्या थट्टा करत होतात. शेठजी भेटायला आले तर त्यांना म्हणालात, "शेठ, आता काट्यावर चढलो तर पाय रिकाम्या पोत्यावाणी बारदानात धरून वजा करायचा का?" शेठजी हसायला गेले आणि रडले. ते गेल्यावर मी तुमच्याजवळ बसलो. सगळे सांगायचे ठरवून बसलो होतो.

"मामा, ते पत्र..."

"झकास व्हतं रे. अक्षर बघ तुझं, मोत्यावाणी."

"ते मी..."

"मलाच लाडू आवडायचे. तुह्या कागदानं फक्त दार उघडलं." आणि तुम्ही डोळे मिटलेत.

मला फार हायसे वाटले. खरे सांगतो, इतके हायसे वाटले की मी पुढे बोललोच नाही. ते पत्र तुमच्या काळजीने लिहिले नव्हते, एका माणसाला तुम्ही कसे दिसाल या काळजीने लिहिले होते, हे तुमच्या कानावर घालायचे राहिले. तुम्ही दार उघडले म्हणालात. दार मी दुसऱ्याच कोणासाठी उघडले होते. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मी एकटा गोदामात गेलो. शेठजींनी दार आतून लावून दाखवले. वर पहिला आकडा ९१. त्याखाली ८९, ८८, ८६. एका ठिकाणी आकडा वाढून पुन्हा ८७ झालेला, तोही खोडलेला नाही, तसाच ठेवलेला. तुम्ही काट्याशी कधी खोटे बोलला नाहीत, स्वतःच्या बाबतीतही नाही. मग उतरत उतरत शेवटी ६८. इतके नेटके आकडे की माझ्या वर्गातल्या कोणाचे नसतील. खरे तर तो तुमचा वर्ग होता. तुम्ही वर्षभर दर अमावास्येला परीक्षा दिलीत आणि पास होत गेलात, आणि तपासायला बोलावलेला एकच माणूस गाडीचे निमित्त करून निघून गेला. ६८च्या खाली काही नाही. खाली जागा भरपूर आहे.

घरी आलो तेव्हा मामींनी ट्रंक उघडून पत्र माझ्या हातात दिले. घडीवर चहाचा डाग आहे. मी म्हणालो, "तो गोटा मला द्याल का?" त्या म्हणाल्या, "न्हाई. त्यो माझाय." मग ट्रंक लावून म्हणाल्या, "जेवून जा." त्यांनी मला वाढले आणि मी जेवत असताना तोंड फिरवून बसल्या, आई बसायची तशा. मी किती खाल्ले ते त्यांनी पाहिले नाही.

पत्रातला एकही शब्द मी बदललेला नाही.

परभणी,
मंगळवार

तीर्थरूप किसनमामा यांस,
सविनय जय भीम.

मी येथे सुखरूप पोचलो. त्या दिवशी मी रागावून बोललो याबद्दल क्षमा असावी. मामींनाही सांगावे. परंतु आपली प्रकृती पाहून माझे मन फार खिन्न झाले. ज्या मामांनी मला घडवले, त्यांच्या गळ्याची हाडे दिसावीत आणि मी पोटभर जेवावे, हे मला सहन होत नाही.

मामा, औषध जरूर घ्यावे. परंतु शरीराला अन्नच मिळाले नाही तर औषध तरी काय करील? एका जाणत्या व पोक्त गृहस्थांशी मी याविषयी बोललो. त्यांचेही मत असेच पडले, की साखरेचा माणूस इतका वाळत नाही व आपण अंगाने सुधारणे जरूर आहे. मी चार पुस्तके वाचलेला माणूस आहे. माझे एवढे ऐका.

भाकरी मोजणे आजपासून बंद करावे. आपण आयुष्यभर दुसऱ्यांचे तोलले, आपल्या ताटात तरी तराजू नको. वैशाखात लग्न आहे. मांडवात मला माझे पहिले मामा पाहिजेत, तसेच भरलेले, तसेच हसरे. लोकांनी पाहावे की हा माणूस कोणाच्या हाताखाली वाढला.

सोबत गावठी तुपाचा डबा व गुळाची लहान ढेप एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवत आहे. संकोच करू नये. पोटभर जेवावे. मिळाल्याचे कळवावे.

आपला आज्ञाधारक भाचा,
उत्तम, बी.ए.